खेळांतील पात्रांचें लक्षण

मुलें व नातवंडें संगणकावर जे सांघिक खेळ खेळतात, त्यांविषयीं वडील मंडळी बहुधा एकाच शब्दांत निकाल देतात : कालापव्यय. त्या वादांत आम्ही आज शिरत नाहीं. परंतु तर्कसंग्रह पढलेल्या माणसास कुतूहल वाटावें असा वर्गीकरणाचा एक प्रश्न या खेळांत आहे, तेवढा वाचकांपुढें ठेवतों.

ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीचा ‘ओव्हरवॉच’ हा खेळ मे २०१६ मध्यें निघाला. दूरदूरचे खेळाडू सहा-सहांचे दोन संघ करून लढत. प्रत्येकानें एक पात्र घ्यावयाचें. आरंभीं पात्रें २१ होतीं व त्यांचे वर्ग चार : आक्रमक, रक्षक, पुढें राहून मार सोसणारे ‘टँक’, आणि सहायक.

पैकीं पहिले दोन वर्गच सदोष होते. बर्फाची भिंत उभारणारी मेई ही रक्षक, हें ठीक दिसे. पण लांबून अचूक नेम धरणारी विडोमेकर रक्षकांत घातलेली असतां चढाई करणाऱ्या संघासही तितकीच उपयोगी पडे. चढाई वा बचाव ही संघाची त्या वेळची अवस्था. ती पात्राचा धर्म कशी होईल? उपाधीला स्वभाव मानल्याचा हा प्रकार होय. २०१८ सालीं ते दोन्ही वर्ग मोडून प्रहार करणाऱ्यांचा एकच वर्ग करण्यांत आला.

सहायकाचें लक्षण याहून कठीण. ‘सहकाऱ्यांच्या जखमा भरतो तो सहायक’ म्हणावें, तर सिमेट्रा मूळची सहायक असूनही जखमा भरीत नसे. ती सोबत्यांस कवच देई व त्यांच्यासाठीं दूरचें द्वार उघडी. ही अव्याप्ति झाली. उलट सोल्जर ७६ हा आक्रमकांतला, पण जमिनीवर एक यंत्र ठेवून स्वतःच्या व जवळच्यांच्या जखमा भरून काढी. ही अतिव्याप्ति, शिंगें हें गाईचें लक्षण केलें कीं म्हैसही गाय ठरते, तशी. २०१८ सालींच सिमेट्रेस प्रहार करणाऱ्यांत नेलें. सोल्जर होता तेथेंच राहिला. म्हणजे पात्र काय काय करूं शकतें हें न पाहतां त्याचें प्रधान कर्म कोणतें हें पाहिलें. आम्हांस हेंच योग्य वाटतें.

येथवर प्रश्न नांवांचा होता. पुढें नांवाचा कायदा झाला. तीन टँक व तीन सहायक अशी ‘गोट्स’ नामक रचना त्या सुमारास फार बोकाळली होती. (बकऱ्यांचा येथें संबंध नाहीं, ती रूढ करणाऱ्या संघाचें तें नांव.) प्रहार करणाऱ्यांचा वर्गच तींत नसे. तेव्हां २०१९ मध्यें प्रत्येक वर्गाचे दोन-दोनच खेळाडू, असा नियम आला. वर्ग अगोदर निवडावयाचा व डाव संपेपर्यंत बदलावयाचा नाहीं. प्रहाराची हौस पुष्कळांना, त्यामुळें त्यांना डाव मिळण्यास फार वेळ तिष्ठावें लागूं लागलें. शिवाय, खेळाडूंनीं स्वबुद्धीनें शोधलेली रचना चालकांनीं नियमानें बंद करावी, हें आमच्या मनास पटत नाहीं.

ऑक्टोबर २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तींत संघ पांचांचा झाला व या नियमाच्या डावांत टँक एकच उरला. डूमफिस्ट या प्रहार करणाऱ्या पात्रास टँकांत घेतलें, तें त्याचें बळ वाढवून व प्रहार बोथट करून. येथें वर्गासाठीं पात्रच बदललें! फलकावर केलेला प्रहार, भरलेल्या जखमा व अडविलेला मार यांचे आंकडे आतां वेगवेगळे दिसूं लागले, हें मात्र चांगलें झालें. पण डाव हरला कीं उरलेले चौघे प्रथम टँकवाल्याकडे बोट दाखवितात. पूर्वीं त्या वर्गांत त्याला एक जोडीदार तरी असे.