पोलीस पोचले, पण दारापर्यंतच

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला, की पोलीस किती मिनिटांत आले आणि शाळेला सशस्त्र पहारा होता का, हेच आधी विचारलं जातं. मुलांचा जीव या दोनच गोष्टींवर अवलंबून असतो, असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं.

गैरसमज : पोलीस लवकर आले, की मुलं वाचतात.

टेक्ससमधल्या युवाल्डीच्या रॉब प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी हल्लेखोर शिरल्यावर तीनच मिनिटांत पहिले पोलीस आत होते. तरी वर्गात घुसून त्याला ठार करायला ७७ मिनिटं गेली. वेगवेगळ्या दलांचे मिळून ३७६ जण तिथे जमले होते. आतली मुलं ९११ला फोन करून पोलिसांना बोलवत होती, आणि पोलीस त्याच वर्गाबाहेर उभे होते. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. विशेष पथकासाठी थांबायचं नाही, पहिला पोचेल त्यानं आत शिरायचं, हे १९९९च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर पोलिसांना शिकवलं जात होतं. तेच इथे पाळलं गेलं नाही.

सँडी हुक शाळेत २०१२ साली पोलीस पहिल्या फोननंतर सुमारे चार मिनिटांत पोचले. पण पाच मिनिटांच्या आतच हल्लेखोरानं दीडशेहून अधिक गोळ्या झाडल्या. २० मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. एवढ्या कमी वेळात पोलिसांनी आणखी किती घाई करायची?

गैरसमज : दारात बंदूकधारी असला, की हल्ला टळतो.

कोलंबाइनमध्ये सशस्त्र अधिकारी होता, त्यानं हल्लेखोरांवर गोळ्याही झाडल्या, तरी हल्ला थांबला नाही. पार्कलँडच्या शाळेत २०१८ साली सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला; आत १७ जण मेले. जॉर्जियातल्या अपालाची शाळेत २०२४ साली अधिकारी समोर येताच हल्लेखोर शरण आला, म्हणजे पहारा अगदीच निरुपयोगी नाही. पण तोवर चौघांचा जीव गेला होता. १९८० ते २०१९ मधल्या १३३ घटनांच्या अभ्यासात सशस्त्र पहाऱ्यामुळे हानी कमी झाल्याचं दिसलं नाही. अनेक हल्लेखोर मरायच्या तयारीनंच येतात. बंदुकीचा धाक त्यांना कसा रोखणार?

गैरसमज : असा हल्ला अचानक होतो, आधी कुणाला कळत नाही.

अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसनं २००२ साली ३७ घटना तपासल्या. ८१ टक्के घटनांत निदान एकाला तरी बेत आधी ठाऊक होता, आणि तो बहुधा मित्र, वर्गमित्र किंवा भावंड होता. अशा मुलांना नाव न सांगता कळवता यावं म्हणून कोलोरॅडोनं कोलंबाइननंतर ‘सेफ-टू-टेल’ सेवा सुरू केली. पहाऱ्यावरच्या खर्चाआधी पैसा इथे लागायला हवा, असं मला मनापासून वाटतं.