डॉक्टरने जायचं कुठे?

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावात डॉक्टरच आजारी पडला तर त्याने जायचं कुठे? ताप-खोकल्याचं सोडा. पण दारू सुटत नसेल, फोर्टविनची सवय लागली असेल, तर परभणी-अंबाजोगाईलाही ओळखीचेच चेहरे. मग सगळं चोरून चालतं. फोर्टविन हे वेदनाशामक इंजेक्शन. टोचून टोचून मांडीची कातडी दगडासारखी कडक होते, जखमा चिघळतात, तरी ओपीडी सुरूच राहते. यात पेशंटचाही जीव टांगणीला लागतो.

व्यसनमुक्तीसाठी पुण्याचं मुक्तांगण आहे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ला ते उभं केलं. तिथे पेशंटला रुग्णमित्र म्हणतात, बरे झालेले कित्येक जण तिथेच कार्यकर्ते होतात, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. पण उपचार घेऊन परतलेल्या डॉक्टरच्या हाती पुन्हा तेच औषधांचं कपाट येतं. त्याला वेगळी व्यवस्था लागते.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत ती आहे. डॉक्टर आधी उपचार घेतो, मग साधारण पाच वर्षांचा करार करतो. लघवीची तपासणी कोणत्या दिवशी होईल हे आधी कळत नाही, कामावर एक सहकारी लक्ष ठेवतो. करार पाळला तर बहुधा नाव गुप्त राहतं. मोडला तर परवान्यावर गदा. १६ राज्यांतल्या ९०४ डॉक्टरांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा पुढचा माग लागला, त्यांतले सुमारे ७९ टक्के पाच वर्षांनी परवान्यासह कामावर होते. व्यसनाच्या आजारात हे यश फार मोठं आहे. धाक आणि आधार दोन्ही एकाच हातात असल्याने ते मिळतं, असं मला वाटतं.

ब्रिटनला जाग आली ती एका मृत्यूनंतर. दक्षा एमसन ही मनोविकारतज्ज्ञ स्वतःचा मानसिक आजार सहकाऱ्यांपासून लपवत राहिली. २००० साली आजाराच्या भरात तिचा आणि तिच्या तीन महिन्यांच्या लेकीचा अंत झाला. २००८मध्ये लंडनला डॉक्टरांसाठी गोपनीय सेवा सुरू झाली. तिथे डॉक्टर कुणाच्या चिठ्ठीशिवाय जाऊ शकतो.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेने आणि इंडियन मेडिकल असोसिएशनने मिळून अशी व्यवस्था इथे उभी करावी, आणि ती तालुक्यापर्यंत न्यावी. तोवर, डॉक्टरसाहेब, सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. आजच फोन करा.