टवका बुजवण्याआधी

सकाळी ७.३०
हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात जानेवारीतली सकाळ गारठलेली असते. दोघांनी जोर लावून हॅंगरचं दार सरकवलं. आज एएसके-२१ उडणार नाही, म्हणून 'दुरुस्ती चालू' ही पाटी आधी कॉकपिटमध्ये दांडीला अडकवली. पाटीशिवाय कामाला हात लावायचा नाही, हा नियम.

जर्मनीतल्या श्लायशर कारखान्यात बनलेलं हे दोन आसनी ग्लायडर. रेखाटन रुडॉल्फ कायझर यांचं, पंखांचा विस्तार १७ मीटर. सगळं अंग काचतंतू आणि रेझिनचं, त्यावर पांढऱ्या जेलकोटचा पातळ थर. विमानाचा भार हा थर उचलत नाही. तो आतल्या काचतंतूंना ऊन आणि ओलाव्यापासून जपतो. पांढरा असतो तोही उन्हासाठीच. गडद रंग तापतो, आणि फार तापलेलं रेझिन मऊ पडतं. पुण्यातल्या एप्रिलच्या उन्हात याचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

सकाळी ८.१५
सौम्य साबणाच्या पाण्याने ग्लायडर धुतलं, मऊ कापडाने टिपलं. मग हातातला दिवा जवळजवळ आडवा धरून पृष्ठभागावरून फिरवला. समोरून न दिसणारा खळगा आडव्या उजेडात सावली टाकतो. आज तीन जागा सापडल्या. चाकामागे पोटाला खडीचा टवका, डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक खोक आणि उजव्या एलेरॉनवर, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीवर, एक बारीक ओरखडा. प्रत्येकाशेजारी मास्किंग टेप लावून त्यावर क्रमांक घातला.

सकाळी ९.००
दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आता. टवका वरवरचा आहे की आत काही दुखावलंय, हे आधी ठरवायचं.

भिंगातून पाहिलं. पोटाच्या टवक्याचा तळ पांढराच आहे, म्हणजे मार जेलकोटपुरता. तळाशी हिरवट-पारदर्शक काचतंतू दिसले असते, तर काम तिथेच थांबवून इंजिनीअरना बोलावलं असतं. पंखाच्या खोकेभोवती नाण्याने हलकेच टकटक केली. टणक, खणखणीत आवाज आला तर आतले थर एकसंध आहेत. आवाज बसका, पोकळ आला तर थर सुटले असण्याची शंका घ्यायची. आज खणखणीत आला. हाताखालच्या मुलाला म्हटलं, "आधी चांगल्या जागेवर वाजव. तो आवाज कानात बसला की वाईट आवाज आपोआप ओळखू येतो."

एलेरॉनच्या ओरखड्याला आम्ही हात लावला नाही. हलत्या पृष्ठभागांचं वजन आणि तोल ठरलेला असतो. तिथे थोडंसं साहित्य जास्त चढलं, तर वेगात तो भाग फडफडू लागण्याचा धोका असतो. वजनाचा हिशेब पाहून त्याचं काय करायचं ते इंजिनीअर ठरवतील.

सकाळी १०.३०
हवा उबदार झाली. गारठ्यात जेलकोट नीट आवळत नाही, म्हणून इतका वेळ थांबलो. अंगावरची स्थिर दाबाची भोकं लाल टेपने झाकली आणि टेपची नोंद कागदावर केली. घासताना उडणारी भुकटी त्यात गेली, तर वेग आणि उंची दाखवणारी यंत्रं चुकीचा आकडा दाखवतात.

टवक्याच्या कडा तिरक्या घासून घेतल्या, ॲसिटोनने पुसल्या. जेलकोट सोनाराकडे असतो तसल्या बारीक काट्यावर तोलला. २० ग्रॅम जेलकोटला २ टक्के हार्डनर, म्हणजे ०.४ ग्रॅम. अंदाजाने ओतायची सवय इथे चालत नाही. कमी पडलं तर थर कच्चा राहतो, जास्त झालं तर ठिसूळ होऊन तडकतो. मिश्रण हळू ढवळलं, म्हणजे बुडबुडे धरत नाहीत. काडीच्या टोकाने टवका काठोकाठ भरला आणि वर थोडा उंचवटा ठेवला, कारण सुकताना माल आक्रसतो. हवा लागली की जेलकोटचा वरचा पापुद्रा चिकट राहतो, म्हणून वरून पारदर्शक फिल्म दाबून बसवली.

दुपारी १.००
डबा. बाहेर विंचच्या दोराने दुसरं ग्लायडर चढतंय. दोर सुटला की फुरसुंगीच्या बाजूला घारी जिथे घिरट्या घालतात, तिकडे वैमानिक वळतो. तापलेली हवा वर चढते कुठे, हे घारींना आमच्याआधी कळतं.

दुपारी २.३०
नख रुतत नाही, म्हणजे थर पक्का झाला. भोवती टेपचे दोन थर लावले, म्हणजे चांगला जेलकोट घासला जात नाही. आधी ३२० चा वॉटर पेपर, मग ६०० आणि १०००, शेवटी १५००. पेपर कायम कडक ठोकळ्यावर गुंडाळूनच चालवायचा. नुसत्या बोटाने घासलं की बोटाखाली खोलगट पट्टे पडतात. पंखाच्या पुढच्या कडेला तर हात अजून जपून, कारण पंखावरून हवा गुळगुळीत वाहते ती त्या वळणामुळे. तिथे राहिलेला उंचवटा तो प्रवाह बिघडवतो. दर थोड्या वेळाने डोळे मिटून बोट फिरवायचं. डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला कळतं.

दुपारी ४.००
पॉलिश. बफिंग मशीन एका जागी धरायचं नाही, जागा तापते. शेवटचा हात मेणाचा, पण सिलिकॉन नसलेल्या. सिलिकॉन मुरलं की पुढची दुरुस्ती तिथे धरत नाही. मग कागदावरची यादी पाहून लाल टेप एकेक काढली आणि भोकं तपासली.

संध्याकाळी ५.१५
इंजिनीअरनी भिंगातून पाहिलं, नाण्याने स्वतः वाजवून घेतलं आणि नोंदवहीत लिहून सही केली. सही झाल्यावरच पाटी उतरली. एलेरॉनचा ओरखडा वेगळ्या ओळीत 'प्रलंबित' म्हणून नोंदला.

इथे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. ढकलताना, वळवताना, उतरताना ग्लायडरला काही लागलं, तर त्याच संध्याकाळी येऊन सांगा. कुणी रागावणार नाही. टवका बुजवायला आम्हाला एक दिवस पुरतो. पण धक्का कुठे आणि कसा बसला हे माहीत नसेल, तर आत काय झालंय ते शोधणं फार अवघड जातं.