बियाण्यालाच पीक मानणारे बारवाले



मृगाच्या तोंडावर तुम्ही बियाण्याच्या दुकानापुढे रांगेत उभे राहता. पिशवी उलटीपालटी करून वाण पाहता, उगवणीचा आकडा वाचता. तुमच्या आजोबांना ही रांग माहीत नव्हती. त्यांचे बी घरच्या गाडग्यात, राखेत घोळलेले असे. हा बदल घडवण्यात ज्यांचा मोठा हात होता, ते जालन्याचे बद्रीनारायण बारवाले २४ जुलै २०१७ रोजी, ऐन खरिपात वारले.

जन्म हिंगोलीचा, कर्मभूमी जालना. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा १९८१ साली झाला. देश १९४७ साली स्वतंत्र झाला तरी मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिला. त्या मुक्तिसंग्रामात उतरलेल्या तरुणांपैकी बारवाले एक. लढा संपल्यावर ते शेतीकडे वळले.

पुढे दिल्लीच्या कृषी प्रदर्शनात त्यांनी ‘पुसा सावनी’ भेंडी पाहिली. त्या काळी हळद्याने भेंडीची रानेच्या राने पिवळी पडत. हा वाण रोगाला दाद देत नसे. (पुढे तोही बळी पडू लागला, ते वेगळे.) बी आणून त्यांनी आपल्या रानात वाढवले. आसपासचे शेतकरी भाजीऐवजी बीच मागू लागले. धान्य वेगळे आणि बियाणे वेगळे, हे त्यांनी तेथे हेरले. १९६४ साली जालन्यात ‘महिको’ उभी राहिली. त्याच साली देशात पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली होती.

बियाणे त्यांनी शेतकऱ्यांच्याच रानात तयार करून घेतले. नर-मादीच्या ओळी वेगळ्या पेरायच्या, शेजारच्या पिकापासून अंतर राखायचे, भेसळीचे झाड फुलोऱ्याआधी उपटायचे. कामात कुचराई झाली की सारा प्लॉट नापास! पण पास झाला तर बाजारापेक्षा चार पैसे जास्त. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ साली पद्मभूषण. कृषी पदवी नसलेल्या माणसाचे हे यश आम्हा बी.एस्सी.वाल्यांना विचार करायला लावणारे आहे. जालन्याचे गणपती नेत्रालयही त्यांनीच उभे केले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संकरित बी घरी धरून चालत नाही, दरसाल विकत घ्यावे लागते. २००२ साली बीटी कपाशी आली, तीही संकरित वाणांतच. काही वर्षे बोंडअळी आटोक्यात राहिली. मग गुलाबी बोंडअळी त्या विषाला पचवू लागली, आणि ज्या खरिपात बारवाले गेले त्याच खरिपात मराठवाड्यात कपाशीची बोंडे किडली. एका गावच्या सभेत एक आजीबाई मला म्हणाल्या, “साहेब, आम्ही गाडग्यात बी ठेवायचो ते येडेपणाचं होतं का?”

नाही, आजी. सोयाबीन, तूर, हरभरा, गहू यांचे सरळ वाण आजही घरी धरता येतात. मात्र बारवाल्यांचा नियम तेथेही पाळा: उभ्या पिकातच वेगळी दिसणारी झाडे उपटा, सोयाबीनचे पोते आपटू नका. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि आठवड्याने मोजा. सत्तर किंवा अधिक उगवले तर सोयाबीनचे ते बी खुशाल पेरा.