एक खण, दोन ड्राइव्ह

आयबीएमने 2000 साली बाजारात आणलेल्या थिंकपॅड टी20 या लॅपटॉपला ‘अल्ट्राबे 2000’ नावाचा एक खण होता आणि त्यात फ्लॉपी ड्राइव्ह, सीडी ड्राइव्ह किंवा दुसरी हार्ड डिस्क यांपैकी हवे ते, मात्र एका वेळी एकच, बसवता येत असे. यंत्र पातळ राहावे, तरी वापरणाऱ्याची कोणतीही सोय कमी होऊ नये, या विचारातून आलेली ही रचना डेलच्या लॅटिट्यूड मालिकेतील लॅपटॉपमध्येही होती. मुख्य हार्ड डिस्कही एक स्क्रू काढून सरकवली की बाहेर येई. आजच्या अनेक लॅपटॉपमध्ये साठवणुकीची चिप मुख्य पट्टीवरच डाखलेली असल्यामुळे ती बदलता येत नाही. त्या तुलनेत पंचवीस वर्षांपूर्वीची ही रचना दुरुस्तीच्या दृष्टीने निःसंशय अधिक शहाणपणाची होती.

असे यंत्र आज पुन्हा चालू करण्यामागे केवळ हौस नसते. सीरियल पोर्टवरून चालणारी कारखान्यांतील व प्रयोगशाळांतील उपकरणे, समांतर पोर्टला ‘हार्डवेअर लॉक’ लावल्याशिवाय न उघडणारी सॉफ्टवेअरे आणि 1990 च्या दशकात पेजमेकर या पाने मांडण्याच्या प्रोग्रॅमवर जुळवलेली मराठी पुस्तके, या सर्वांना त्या काळचीच ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचे सर्व भाग चालवणारी मूळ प्रणाली, लागते. ती बिघडली की नव्याने बसवावी लागते आणि तेथेच हा एकुलता खण अडचण उभी करतो.

विंडोज 98 चे उदाहरण घेतले तर ही अडचण नेमकी दिसते. या प्रणालीच्या काही सीडींवरून संगणक थेट सुरू होत नाही. त्यासाठी आधी ‘स्टार्टअप डिस्क’ नावाची 1.44 मेगाबाइटची फ्लॉपी लागते, जी संगणक सुरू करते, सीडी ड्राइव्ह ओळखणारा प्रोग्रॅम स्मृतीत चढवते आणि मग पुढचे काम सीडीवर सोपवते. परंतु खणात फ्लॉपी ड्राइव्ह असताना सीडी ड्राइव्ह यंत्राबाहेर असतो, त्यामुळे तो प्रोग्रॅम ज्याचा शोध घेतो ती वस्तू त्याला सापडतच नाही. मधेच ड्राइव्ह बदलूनही काम होत नाही, कारण चालू यंत्रात ड्राइव्ह बदलल्याची दखल घेणारी व्यवस्था त्या वेळी फ्लॉपीवरून चालणाऱ्या डॉस या साध्या प्रणालीत नसते. शिवाय वीज चालू असताना ड्राइव्ह ओढून काढणे यंत्रालाही धोक्याचे ठरू शकते. पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याची सोय त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये नव्हती.

या पेचातून सुटण्याचा मार्ग मुख्य हार्ड डिस्क सहज बाहेर काढता येण्यात आहे. मात्र तिला हात लावण्यापूर्वी एक नियम कटाक्षाने पाळला पाहिजे: मूळ डिस्क पुसू नये. ती काढून जपून ठेवावी आणि नवी प्रणाली वेगळ्या डिस्कवर बसवावी, कारण जुन्या डिस्कवर काय काय आहे हे ते गमावल्यानंतरच पुष्कळदा लक्षात येते. वेगळी डिस्क 2.5 इंची आणि आयडीई जोडणीची, म्हणजे माहिती व वीज दोन्ही एकाच 44 पिनांच्या जोडणीतून घेणारी असावी. तशी न मिळाल्यास योग्य अडॅप्टर लावून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डही तिचे काम करते. फार मोठी डिस्क घेण्यात लाभ नाही, कारण विंडोज 98 ची मूळ व्यवस्था 137 गिगाबाइटपलीकडे पोहोचत नाही आणि डिस्कचे विभाग पाडणारा तिचा एफडिस्क हा प्रोग्रॅम 64 गिगाबाइटपेक्षा मोठ्या डिस्कचे आकारमानही चुकीचे दाखवतो.

नवी डिस्क लॅपटॉपमध्ये बसवून, खणात फ्लॉपी ड्राइव्ह ठेवून यंत्र सुरू करावे आणि त्याच यंत्रावर डिस्कचे विभाग पाडून ती फॉरमॅट करावी; हे काम दुसऱ्या संगणकावर केल्यास जुन्या बायॉसला, म्हणजे यंत्र सुरू होताच सर्वप्रथम चालणाऱ्या प्रोग्रॅमला, डिस्कची मांडणी वेगळी वाटण्याचा संभव असतो. त्यानंतर यंत्र बंद करून डिस्क बाहेर काढावी, यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि सीडीवरील ‘विन98’ हे संपूर्ण फोल्डर तिच्यावर उतरवावे. डिस्क परत लॅपटॉपमध्ये आली की फ्लॉपीने यंत्र सुरू करून त्या फोल्डरमधील सेटअप चालवायचा; आता सीडी ड्राइव्हची गरजच उरत नाही. पुढे एखादा भाग जोडताना विंडोज मूळ सीडी मागते, तेव्हाही हेच फोल्डर उपयोगी पडते.

प्रणाली बसली तरी पडदा 640 बाय 480 बिंदूंचा आणि सोळा रंगांचाच दिसत असेल, तर टी20 मधील एस3 सॅव्हेज या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप प्रणालीला वापरता यावी म्हणून लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, वेगळा बसवावा लागतो. अशी यंत्रे विकत घेताना मात्र बायॉसला पासवर्ड नाही याची खात्री आधीच करावी. थिंकपॅडचा सुपरव्हायझर पासवर्ड आतली छोटी बॅटरी काढूनही पुसला जात नाही.

यानंतर खणाचा खरा उपयोग सुरू होतो. जपून ठेवलेली मूळ डिस्क हार्ड डिस्कच्या अडॅप्टरमध्ये घालून खणात बसवली की ती दुसरी डिस्क म्हणून उघडते आणि तिच्यावरील कामे नव्या डिस्कवर घेता येतात. मराठी मजकुराच्या बाबतीत येथे विशेष दक्षता हवी. विंडोजमध्ये देवनागरीला युनिकोडचा आधार विंडोज 2000 पासून मिळाला. त्यापूर्वीच्या बहुतेक फाइलींत मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असत आणि त्यांना देवनागरी रूप देण्याचे काम विशिष्ट फॉन्ट करीत असे. म्हणून मजकुराच्या फाइलींबरोबर ‘विंडोज’ फोल्डरच्या आतील ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही उतरवून घ्यावे. ते मागे राहिले, तर पुस्तकाच्या फाइली सुखरूप असूनही त्यांतले एक वाक्यही वाचता येत नाही.