लेकी बोले, सुने लागे. तेही तिकीट काढून

लग्नासाठी पुण्याला गेलो होतो, तेव्हा भाच्याने आम्हा सांगोलेकरांना स्टँडअपच्या कार्यक्रमाला नेलं. मंचावर माईक, स्टूल, पाण्याची बाटली आणि जीन्समधलं एक पोरगं. वहिनींनी हळूच विचारलं, "बाकीची मंडळी कधी यायची?"

पोरगं घरातल्या भांडणाबद्दल बोलत होतं. खरं तर भांडण टाळण्याबद्दल. आवाज चढला की त्याचे वडील म्हणे स्कूटर काढून पेट्रोल भरायला जातात, टाकी भरलेली असली तरी. मी खुर्चीत चुळबुळलो. आमच्याकडे स्कूटर लागत नाही, डाळिंबाची बाग पुरते. "ड्रीपचा व्हॉल्व्ह बदलून येतो" म्हणून उठलेला गडी दीड तासाने उगवतो. तोवर भाकरी थापून झालेल्या असतात आणि डोकीही निवलेली.

सुनेला ऐकवायचं ते लेकीला सांगावं, ही आपली जुनी युक्ती. स्टँडअपवाला तीच वापरतो. तो म्हणतो "माझी आई", आणि लागतं तुमच्या आईला. नाव कुणाचंच घेतलेलं नसतं, त्यामुळे रागवायला जागा उरत नाही. शिवाय सभागृहात अंधार, कोण कशावर हसलं ते शेजाऱ्यालाही दिसत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० साली, ज्यांत थट्टा चालते अशा नात्यांवर एक गाजलेला निबंध लिहिला. लग्नाने दोन घरं जोडली जातात, पण त्यांचे हितसंबंध वेगळेच राहतात. तेव्हा खटका टाळायला माणसं दोन वाटा काढतात: काही नात्यांत अंतर राखायचं, काहींत मोकळी थट्टा करायची. त्यांची उदाहरणं लांबची होती, पण आपल्याकडेही सासऱ्यासमोर डोक्यावर पदर आणि दिराशी चेष्टा असते. मेव्हण्याची फिरकी चालते, सासूबाईंची नाही. लग्नात एरवी न चालणारे टोमणे विहिणींना गाण्यातून खुशाल ऐकवले जातात.

आणि मंचावरून घरच्यांची थट्टा करणं काही शहरातून आलेलं नाही. सांगोल्याहून पंढरपूर तीसेक किलोमीटर. वारीच्या दिवसांत दक्षिणेकडच्या दिंड्या आमच्याच रस्त्याने जातात. मुक्कामी कुणी भारुड धरलं की लुगडं नेसलेला पुरुष उभा राहतो आणि संत एकनाथांच्या रचनेतली सून भवानीला नवस बोलू लागते. सासू, सासरा, जाऊ, नणंदेचं किरकिरं पोर, एकेकाला वाटेतून दूर कर म्हणते. नवराही सुटत नाही. अर्थ अध्यात्माचा आहे, संसाराच्या पाशातून सुटण्याचा. पण पुढे बसलेल्या सासवा-सुना पदर तोंडाला लावून हसतात, ते काय अध्यात्माला? हे सोळाव्या शतकातलं लिखाण!

मधल्या काळात माईकसमोर एकट्याने उभं राहण्याची रीत कथाकथनानेही जपली. आमच्या शेजारच्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर, अकलूजला जन्मलेले द. मा. मिरासदार आणि कोल्हापूरकडचे शंकर पाटील या तिघांनी गावोगावी लोकांना हसवलं. लक्ष्मण देशपांडे तर 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये ५२ पात्रं एकटेच उभी करत, आणि तो सगळा घोळ एका लग्नघराचाच. अलीकडे भाडिपा या मराठी यूट्यूब चॅनलने आई-मुलाच्या कुरबुरी घरोघर पोचवल्या.

एक गोष्ट मात्र मला खटकते. भारुडातली सून पुरुष रंगवतो आणि त्या रात्री मंचावर आईची नक्कल करणाराही पोरगाच होता. बाईने स्वतः केलेला विनोद ऐकायचा तर हादग्याच्या फेरात जावं. तिथल्या एका गाण्यात माहेरी जाऊ का, असं सून सासूला विचारते. सासू म्हणते सासऱ्याला विचार, सासरा दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि कारल्याच्या वेलासारखं ते लांबत जातं. तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुणालाही ही तऱ्हा ओळखीची वाटेल. कुणी सरळ नाही म्हणत नाही, म्हणून भांडणही होत नाही, आणि तोवर सून घरातच राहते. थट्टेने खटका टळतो, पण रजा लवकर मंजूर होत नाही.

परतताना पंढरपूर मागे पडलं तशी काकी आपल्या सुनेला, म्हणजे वहिनींना, म्हणाली, "पोरगं ग्वाड बोललं गं. पर आपल्यात न्हाई बाई असलं काय. थोरल्या जाऊबाईंच्यात हाय."

"व्हय की, आत्या," वहिनी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांचे खांदे मात्र बराच वेळ हलत होते.