जामीन मंजूर, पण जामीनदार कुठून आणायचा?

न्यायाधीशांनी ‘जामीन मंजूर’ म्हटलं की आरोपी सुटला, अशी सिनेमे पाहून आपली समजूत झालेली असते. कोर्टाच्या चकरा मारलेल्या माणसाला मात्र ठाऊक असतं की खरी धावपळ तिथून पुढे सुरू होते. जामीनदार उभा करावा लागतो. त्याचं रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, पगाराची स्लिप, कधी तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखला असे कागद तपासले जातात. आरोपीला कधीपासून ओळखता, असंही विचारलं जातं. हे सगळं जुळलं तरच सुटकेचा आदेश तुरुंगाकडे रवाना होतो. चार भाऊबंद पाठीशी असलेल्यालाही हे जमवताना घाम फुटतो. मग म्यानमारमधून जीव मुठीत धरून आलेल्या, इथे गुंठाभर जमिनीशीही नातं नसलेल्या रोहिंग्याने काय करायचं?

कायद्याच्या नजरेत तो मुळात निर्वासित नसतोच. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि देशात त्यासाठी वेगळा कायदाही नाही. छळामुळे पळून आलेला माणूस विनापरवाना सीमा ओलांडून आला, पण लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झाला, तर निव्वळ त्या प्रवेशाबद्दल त्याला शिक्षा करू नये, असं त्या करारात म्हटलं आहे. आपल्याकडे 1946 च्या परकीय नागरिक कायद्याखाली तोच प्रवेश पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा होता. हा कायदा जाऊन 2025 मध्ये नवा आला, तरी कमाल कैद पाच वर्षांचीच राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचं दिल्लीत कार्यालय आहे आणि ती ओळखपत्रंही देते. पण ते कार्ड दाखवलं म्हणून अटक टळेलच, याची खात्री नाही.

हक्क मात्र आहेत, आणि ते कागदोपत्री तरी भक्कम आहेत. जीवित व स्वातंत्र्याचं संरक्षण देणारं राज्यघटनेचं एकविसावं कलम ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ म्हणतं. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टपणे लागू केलं. अटक झालेल्या परदेशी माणसालाही चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मागता येतो, त्यासाठी आधार कार्ड लागत नाही.

अडतं ते जामिनाच्या अटींपाशी. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला 1978 साली दहा हजारांचा जामीनदार आणायला सांगितलं गेलं. भाऊ तयार झाला, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून दंडाधिकाऱ्यांनी तो नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्यावर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या स्थानिक जामीनदाराच्या हट्टाची चांगलीच हजेरी घेतली आणि जातमुचलक्यावरही सोडता येतं हे ठणकावून सांगितलं. जिथे दुसऱ्या जिल्ह्यात मालमत्ता असलेला भाऊ चालत नव्हता, तिथे शेजारच्या देशातल्या माणसाला कोण विचारतो?

त्याहून अवघड अट दूतावासाची. अमली पदार्थांच्या खटल्यांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांना सोडण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये काही निर्देश दिले होते. परदेशी आरोपी असेल तर पासपोर्ट जमा करावा आणि तो देश सोडून जाणार नाही, असं त्याच्या दूतावासाचं प्रमाणपत्र आणावं, हा त्यातलाच एक. पुढे ही अट इतर प्रकरणांतही घातली जाऊ लागली. पर्यटक किंवा व्यापाऱ्याच्या बाबतीत ती एक वेळ समजू शकते. पण ज्या सरकारच्या भीतीने माणूस पळाला, त्याच सरकारच्या दारात त्याने हमीपत्रासाठी उभं राहायचं? आपण कुठे आहोत हे त्या दूतावासाला कळणंच अनेकांना धोक्याचं वाटतं. रोहिंग्यांना तर म्यानमार आपले नागरिकच मानत नाही.

ही गाठ सैल केली ती एका नायजेरियन आरोपीच्या प्रकरणाने. तो निर्वासित नव्हता. 2014 पासून तो अमली पदार्थांच्या खटल्यात आत होता, 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला. वादाच्या अटी दोन होत्या: गुगल मॅपवर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत राहील अशी व्यवस्था करायची आणि नायजेरियाच्या उच्चायुक्तालयाचं प्रमाणपत्र आणायचं. जुलै 2024 मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या पीठाने दोन्ही अटी काढून टाकल्या. 1994 चे निर्देश एकवेळचे होते, ते सरसकट लावू नयेत, असं पीठाने म्हटलं. दूतावासाने साधारण सात दिवसांत प्रमाणपत्र दिलं नाही, तर कोर्ट ती अट वगळू शकतं आणि त्याऐवजी ठराविक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी लावायला सांगू शकतं. निर्वासिताच्या वकिलाला हाताशी धरता येईल असा हा निकाल आहे.

परदेशी आरोपी पळून जाण्याची पोलिसांची भीती अगदीच काल्पनिक आहे, असं नाही. जामिनावर सुटून गायब झालेले परदेशी आरोपी आहेतच. पण परत जाणंच ज्याला जिवावरचं वाटतं, त्याच्याबाबत ती भीती तितक्याच वजनाची कशी धरायची? 1991 मध्ये इंफाळच्या तुरुंगात असलेल्या आठ ब्रह्मी लोकांना गुवाहाटी उच्च न्यायालयाने तात्पुरतं सोडलं, ते दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात अर्ज करता यावा म्हणून. हे लोक आपण होऊन अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले होते.

नव्या फौजदारी संहितेत वरवर पाहता दिलासा आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडावं; पाच वर्षांच्या गुन्ह्यात हे वीस महिने होतात. पण त्याच कलमात एक पाचर आहे. एकाहून अधिक गुन्ह्यांची चौकशी किंवा खटला चालू असेल, तर ही सवलत नाही. विनापरवाना प्रवेशाच्या जोडीला बनावट आधार कार्डाचं कलम लागलं, की वीस महिन्यांचा हिशेब कोलमडलाच.

शिवाय तुरुंगाचं दार उघडणं म्हणजे सुटका असंही नाही. परदेशी माणसाला ताब्यात ठेवण्याचा किंवा त्याच्या हालचालींवर निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकार फौजदारी खटल्याहून वेगळा असतो. त्यामुळे जामीन मिळालेला माणूस स्थानबद्धता केंद्रात जाऊन पडू शकतो. जम्मूत मार्च 2021 मध्ये दीडशेहून अधिक रोहिंग्यांना हिरानगरच्या उपतुरुंगात ठेवलं गेलं, तेव्हा त्यांच्या सुटकेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. समानतेचा आणि जीविताचा हक्क सर्वांना आहे, पण देशाबाहेर न काढलं जाण्याचा हक्क इथे राहण्याच्या हक्काशी जोडलेला असून तो फक्त नागरिकांचा आहे, असं तेव्हाचे सरन्यायाधीश, नागपूरचे शरद बोबडे यांच्या पीठाने सांगितलं. कायदेशीर प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवू नये, एवढी मर्यादा मात्र घातली.

नायजेरियन आरोपीच्या प्रकरणाचा दुसरा निकाल जानेवारी 2025 मध्ये आला. परदेशी व्यक्तीच्या प्रत्येक जामीन अर्जात परकीय नोंदणी अधिकाऱ्याला पक्षकार करण्याची गरज नाही, असं त्यात म्हटलं आहे. मात्र जामीन दिल्याची खबर त्या अधिकाऱ्याला पोहोचवायची आहे. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. 9 जानेवारी 2015 पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, बांगलादेशातून 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्या अल्पसंख्याकांना त्याच्या दंडात्मक तरतुदींतून सूट मिळाली. रोहिंग्यांचं नाव त्या यादीत नाही.